टेकडीवर किती झाडं जगली, हा प्रश्न अपुरा का आहे

आजचा लेख टीकेचा आहे, म्हणून आधी टीका म्हणजे काय ते बघू. संशोधनात टीका म्हणजे कुणाच्या कामाला नावं ठेवणं नव्हे. त्या कामानं स्वतःला मोजायला जी फूटपट्टी निवडलीये, ती तपासणं म्हणजे टीका. सिनॉप्सिस लिहिताना, पेपर वाचताना, अगदी पेटच्या मुलाखतीतही हेच लागतं. पण आपल्याला सवय असते ती दोनच गोष्टींची: वाहवा किंवा धुलाई. मधली वाट कशी चालायची, हे एका जवळच्या उदाहरणावर बघू या.

उदाहरण पुण्याच्या टेकड्यांचं. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण. या सगळ्या टेकड्यांवर सकाळी पाण्याचे कॅन घेऊन चढणारी माणसं दिसतात. निवृत्त काका-काकू, आयटीतली मुलं, शाळकरी पोरं. रोपांना पाणी घालतात, आळी करतात, प्लास्टिक वेचतात, उन्हाळ्यात वणवा दिसला तर झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन विझवायला धावतात. एक पैसा न घेता, वर्षानुवर्षं. या माणसांबद्दल मला आदर आहे आणि पुढचं सगळं तो आदर ठेवूनच लिहितोय.

माझा आक्षेप त्यांच्या कामाच्या हिशोबावर आहे. वर्षाच्या शेवटी हा हिशोब साधारण एकाच साच्यात मांडला जातो: इतकी रोपं लावली, त्यातली इतके टक्के जगली. आकडा चांगला आला की काम चांगलं झालं. आपण या साच्याची एकेक पायरी तपासू.

पहिली पायरी: किती लावली?

ही सगळ्यात कच्ची पायरी, हे आता बहुतेकांना पटलंय. महाराष्ट्र सरकारच्या मोहिमेत २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी अशी लागवडीची उद्दिष्टं होती. उद्दिष्टाचा आकडा खड्ड्यांचा असतो. त्यातून टेकडीवर पुढे काय उभं राहिलं, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

इथे एक पेपर जरूर वाचा. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यातल्या सरकारी लागवडींवर कोलमन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली 'नेचर सस्टेनेबिलिटी'मध्ये अभ्यास छापला. उपग्रहचित्रं आणि घरोघरी केलेल्या मुलाखती, दोन्ही वापरल्या. निष्कर्ष असा की कित्येक दशकांच्या लागवडीनंतरही झाडांच्या छत्रात म्हणण्यासारखी भर पडलेली नाही. उलट, गावकऱ्यांच्या उपयोगाच्या रुंदपानी झाडांचं प्रमाण घटलं. या पेपरकडून शिकायचं ते असं: लेखकांनी 'लागवड झाली का' एवढ्यावर न थांबता 'लागवड झाली नसती तर काय असतं' हा प्रश्न विचारला. तुमच्या संशोधनातही हा 'नसतं तर' कुठेतरी बसला पाहिजे.

दुसरी पायरी: किती जगली?

यावर स्वयंसेवक म्हणतील, आम्ही नुसती लावत नाही, जगवतो. खरंय. सरकारी मोहिमांच्या तुलनेत त्यांची जमेची बाजू हीच आहे. पण म्हणून जगण्याची टक्केवारी हे पुरेसं माप ठरतं का?

गिरिपुष्प घ्या. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड वनखात्याच्या जुन्या लागवडींमुळे पुण्याच्या टेकड्यांवर सगळीकडे पसरलंय. फेब्रुवारीत पानं गळून त्याला गुलाबी फुलं येतात, तेव्हा टेकडी छान दिसते. हलक्या जमिनीत तगतं, फांदी खोचली तरी फुटतं, शेंगावर्गातलं असल्यामुळे हवेतला नायट्रोजन जमिनीत धरतं. त्याच्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ 'उंदीर मारणारं' असा आहे, कारण मध्य अमेरिकेत त्याचा पाला आणि साल उंदरांवर विष म्हणून वापरत. आता विचार करा. जगण्याच्या टक्केवारीची परीक्षा घेतली तर गिरिपुष्प पहिल्या वर्गात पास होईल. पण दाट गिरिपुष्पाखाली गवत फारसं दिसत नाही, आणि देशी झाडांची गर्दीही नाही. म्हणजे या मापानं शंभरपैकी शंभर मिळवूनही टेकडी हरू शकते.

आता बरेच गट देशी रोपंच लावतात. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, आपटा. सुधारणा आहे, नक्कीच. पण 'देशी' म्हणजे कुठलं देशी? कोकणातलं झाड देशी आहे, म्हणून ते पुण्यातल्या मुरमाड माथ्यावरचं होत नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. बेसॉल्टच्या कातळावर काही इंच माती. अशा जागी आपसूक वाढणारी झाडं वेगळी असतात: सालई, मोई, खैर, हिवर, गणेर. तीही एकमेकांपासून अंतर राखून.

तिसरी पायरी: आधी तिथे काय होतं?

खरी अडचण इथे आहे. 'उजाड टेकडी हिरवी केली' या वाक्यातला 'उजाड' हा शब्द कुणी तपासला?

झाडं विरळ आणि गवत सलग, अशा परिसंस्थेला सॅव्हाना म्हणतात. आपण साध्या भाषेत माळ म्हणतो. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०११ सालीच एका पेपरात विचारलं होतं की 'जंगल' म्हणून ओळखलं जाणारं काही प्रत्यक्षात सॅव्हाना असेल, तर ते ओळखणं महत्त्वाचं का. महत्त्वाचं अशासाठी की चुकीचं नाव पडलं की चुकीचा उपचार होतो. देशाच्या 'वेस्टलँड ॲटलास'मध्ये झुडपी आणि गवताळ जमिनींचे मोठे पट्टे पडीक म्हणून नोंदले जातात. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावणं हे पुण्यकर्म होतं.

हीच चूक जगाच्या पातळीवरही झाली. २०१९ साली 'सायन्स'मध्ये बॅस्टिन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की पृथ्वीवर आणखी ९० कोटी हेक्टर झाडांच्या छत्राला जागा आहे आणि त्यात २०५ गिगाटन कार्बन साठेल. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात वेल्डमन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: हा अंदाज सुमारे पाचपट फुगलेला आहे, आणि त्यात मुळातच गवताळ असलेल्या प्रदेशांना रिकामी जागा धरलंय. टीका कशी लिहावी हे शिकायला ही जोडी समोरासमोर ठेवून वाचा.

मग आपल्या टेकड्या पूर्वी कशा होत्या हे कसं कळणार? डॅनियल पॉली यांनी १९९५ साली मासेमारीच्या संदर्भात मांडलेली एक कल्पना इथे लागू पडते: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेलं दृश्य हेच मूळ रूप समजते. कुणाला ऐंशीच्या दशकातली बोडकी टेकडी आठवते, कुणाला गिरिपुष्पाची हिरवी. दोघांची आठवण खरी, पण दोन्ही पायाभूत नोंद म्हणून अपुऱ्या.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली 'पीपल अँड नेचर'मध्ये छापलेला अभ्यास म्हणूनच मराठी वाचकानं वाचावा असा आहे. तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, चरित्रग्रंथ आणि ओव्या तपासून त्यांनी त्यातले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा भाग शेकडो वर्षं माळरानाचाच होता, याला त्यातून पुष्टी मिळते. कल्पना सुंदर आहे. तरी टीका करायचीच, तर एवढं विचारा: ओवीत येणारं झाड हे उपयोगाचं किंवा देवाधर्माचं असण्याची शक्यता जास्त, मग बिनकामाच्या गवताची नोंद कोण घेणार? आणि प्रदेशाबद्दलचा पुरावा एका विशिष्ट टेकडीच्या विशिष्ट उताराला किती लागू होतो? हे प्रश्न विचारल्यानं तो अभ्यास कमी ठरत नाही. त्याची हद्द कळते.

हद्द दोन्ही बाजूंना असते. 'टेकडी म्हणजे माळ, झाड लावूच नका' असं म्हणणाराही घाईच करतोय. टेकडीत ओढे आणि घळी असतात, तिथे झाडी दाट असणं स्वाभाविक आहे. वेताळ टेकडीवर दगडाच्या जुन्या खाणी आहेत. माती पूर्ण खरवडून गेलेल्या अशा जागी लागवडीचा विचार करता येतो. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाचं काम असंच आहे. खाणींनी उद्ध्वस्त झालेल्या टेकड्यांवर नागरिकांनी २०१० नंतर अरवलीतल्याच मूळ वनस्पती लावल्या, शेजारी शिल्लक असलेलं जंगल नमुन्यादाखल समोर ठेवून. स्वयंसेवक तिथेही होते आणि इथेही आहेत. फरक पडला तो आधी ठरवलेल्या नमुन्यामुळे.

चौथी पायरी: काय गेलं?

लागवडीच्या हिशोबात जमेची बाजू असते, खर्चाची नसते. एक फूट खड्डा खणला तर त्यातून काय निघालं, याची नोंद कुणी ठेवत नाही. पावसाळ्यात माळावर कुसळी, पवना, मारवेल अशी गवतं येतात, त्यांच्या आधारानं भुईआमरी, काळी मुसळी यांसारखी कंद असलेली रोपं उगवतात. बाकीचे महिने ती जमिनीखाली असतात, म्हणून एप्रिलमध्ये बघणाऱ्याला जागा रिकामी वाटते. माळटिटवी आणि चंडोल तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. सावली वाढली की त्यांची जागा जाते.

यावर कुणी म्हणेल, गवत काय, परत येईल. नेर्लेकर आणि वेल्डमन यांनी २०२० साली 'पीएनएएस'मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की एकदा मोडलेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला मूळची प्रजातिविविधता परत मिळवायला किमान एक शतक लागतं, बऱ्याच वेळा सहस्रकं. आपल्या टेकड्या चरलेल्या, कापलेल्या, तुडवलेल्या आहेत, त्यामुळे त्यातला कुठला तुकडा 'जुना' म्हणायचा हे तपासावं लागेल. पण तपासायच्या आधीच खड्डा खणला, तर तपासायला काही उरत नाही.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का?

कारण फूटपट्टी उलटू शकते. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध २०२३ साली पुणेकर मोर्चा काढून रस्त्यावर उतरले. अशा वादात समोरून येणारं उत्तर ठरलेलं असतं: जितकी झाडं जातील, त्याच्या कितीतरी पट दुसरीकडे लावू. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तीही तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावा असंच सांगते. झाडाच्या बदल्यात झाड, हा हिशोब कायद्याला कळतो. गवत, कंद, टिटवीचं घरटं, जमिनीत मुरणारं पाणी यांना त्यात रकाना नाही.

आता बघा, टेकडीवर प्रेम करणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं टेकडीची किंमत झाडांच्या आकड्यात सांगितली, तर भरपाईचा प्रस्ताव नाकारायला त्यांच्या हातात काय उरतं? 'दहा हजार झाडं' या आकड्याला 'तीस हजार लावू' हे उत्तर तयार असतं. 'या उतारावरचं हे गवत, ही माती, या ऋतूतले हे पक्षी' या नोंदीला तसं तयार उत्तर नाही. तशी नोंद करायला सगळ्यात योग्य माणसं हीच, रोज टेकडी चढणारी. म्हणून मला ही टीका त्यांच्या विरोधातली वाटत नाही.

तुमच्यासाठी काम काय?

यातून एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचा एक धडा सहज होईल. पण आराखडा करताना तीन फास लक्षात ठेवा.

एक, 'लागवड असलेला भाग विरुद्ध नसलेला भाग' अशी सरळ तुलना करू नका. स्वयंसेवक रोपं लावतात ती बहुधा पायवाटेजवळ, कॅन नेणं सोपं पडतं म्हणून. तिथेच माणसं, कुत्री आणि कचरा जास्त. मग पक्षी कमी दिसले तर दोष झाडांचा की वर्दळीचा? वाटेपासूनचं अंतर, उतार, मातीची खोली सारखी असलेल्या जागांच्या जोड्या लावा. त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात लागवड कुठे होणार हे गटाकडून आधीच विचारून घ्या आणि खड्डे पडण्यापूर्वीची नोंद करा.

दोन, ऋतू. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी टाकून गवतं मोजायची तर श्रावण-भाद्रपदात जा. तुरे आल्याशिवाय बरीचशी गवतं ओळखूच येत नाहीत. मार्चमधल्या नोंदीवरून 'काहीच नव्हतं' असं लिहिलंत तर तो निष्कर्ष टेकडीबद्दलचा नसेल, तुमच्या कॅलेंडरबद्दलचा असेल.

तीन, नोंदींमागचे कष्ट लिहा. रविवारी सकाळी पाच जणांनी तीन तास पाहिलेले पक्षी आणि मंगळवारी एकानं अर्ध्या तासात पाहिलेले पक्षी शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. न दिसलेलंही लिहा. 'माळटिटवी दिसली नाही' ही पण माहितीच आहे, फक्त किती वेळ शोधली ते सोबत हवं.

आणि शेवटची गोष्ट पद्धतीची नाही, वागण्याची आहे. डेटा गोळा करून, पेपर छापून गायब होणारा संशोधक या मंडळींना चांगला ठाऊक आहे. तुमचे आकडे मराठीत, एका पानावर, आधी त्यांना दाखवा. त्यांच्या वहीत दहा वर्षांच्या वणव्यांच्या तारखा असू शकतात, ज्या कुठल्याच सरकारी फायलीत सापडणार नाहीत. 'काका, तुम्ही चुकीची झाडं लावलीत' असं म्हणून सुरुवात केलीत तर ती वही उघडणार नाही. 'काका, हा खड्डा खणायच्या आधी इथे काय उगवत होतं, आठवतंय का?' असं विचारून बघा. बहुतेक वेळा त्यांना आठवत असतं. तेच तुमच्या अभ्यासाचं पहिलं पान.