एक शून्य वाढवताना

गेल्या महिन्यात ग्रुप मीटिंगमध्ये मी एक आकृती दाखवली. डावीकडे लेप दिलेल्या पोलादी पट्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो, मधे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची प्रतिमा, उजवीकडे त्याहून कितीतरी सूक्ष्म प्रतिमा. एका चित्रातल्या चौकोनापासून पुढच्या चित्रापर्यंत तुटक रेषा. दिसायला झकास! गाईडनी एकच प्रश्न विचारला, "तिन्ही एकाच तुकड्याची आहेत का?"

नव्हती. तिसरी प्रतिमा दुसऱ्या पट्टीची होती. तोंडाने मी खोटं बोलले नव्हते, पण त्या रेषा माझ्या वतीने बोलून गेल्या होत्या.

घरी आल्यावर मी 'पॉवर्स ऑफ टेन' ही फिल्म पुन्हा पाहिली. विज्ञान शिकलेल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी पाहिलेली असते. शिकागोतल्या तळ्याकाठी एक जोडपं सहलीला आलंय. एक मीटर रुंदीची चौकट. दर दहा सेकंदांनी ती दहापट रुंद होत जाते आणि १० च्या २४ व्या घातापर्यंत, म्हणजे साधारण १० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत पोचते. मग भराभर परत येऊन झोपलेल्या माणसाच्या हातात शिरते : कातडी, पेशी, डीएनए, कार्बनचा अणू, शेवटी प्रोटॉनच्या आत. नऊएक मिनिटांत सगळं विश्व. १९७७ ची ही फिल्म आयबीएमसाठी बनवली होती चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याच्या स्टुडिओनं. हो, तेच खुर्च्यांवाले ईम्स.

खुर्च्या करणाऱ्या स्टुडिओला हे सुचलं कुठून? तर एका पुस्तकातून. केस बूके नावाचे एक डच शिक्षक होते. त्यांचं 'कॉस्मिक व्ह्यू' हे छोटं पुस्तक १९५७ मध्ये इंग्रजीत आलं. त्यात ४० उड्या आहेत. सुरुवातीला शाळेच्या अंगणात मांडीवर मांजर घेऊन बसलेली मुलगी. पुढच्या प्रत्येक चित्रात दहापट मोठा परिसर. त्या अंगणात बूकेंनी चक्क एक देवमासाही आणून ठेवलाय, का तर आकाराचा अंदाज यावा! मला हा देवमासा फार आवडतो. ही जागा आपण मांडलेली आहे, ही कबुलीच त्यात आहे.

कलेतून किंवा साहित्यातून 'प्रेरणा' घेतली असं डिझाइनवाले सर्रास म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा रंग, नक्षी नाहीतर एखादं वाक्य उचललेलं असतं. ईम्सनी पुस्तकातला नियम उचलला : दर पावलाला एक शून्य वाढवायचं. मुलगी गेली, मांजर गेलं, देवमासा गेला, नियम तेवढा राहिला. त्यांच्या कामाची ही रीत आपल्यालाही परकी नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी १९५८ मध्ये जो अहवाल लिहिला, त्याची सुरुवात भगवद्गीतेतल्या उताऱ्याने होते आणि पुढे ते थेट लोट्याकडे, म्हणजे आपल्या तांब्याकडे वळतात. पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कुठे जातो, कडेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, अशा अंगाने ते प्रश्न विचारत जातात. तांब्याच्या आकाराची नक्कल करा असं ते सुचवत नाहीत; तो आकार ज्या प्रश्नांतून घडला ते प्रश्न शिका म्हणतात. याच अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

इथवर मी ईम्सची भक्त आहे. पण पुस्तकाची फिल्म होताना एक गोष्ट हरवली : पान उलटणं.

बूकेंच्या पुस्तकात दोन चित्रांच्या मधे फट आहे. तुम्ही थांबता, मागचं पान पुन्हा बघता, 'हे कसं कळलं असेल?' असं विचारता. फिल्ममध्ये ती फट बुजवलीय. सगळं एकसंध सरकतं, त्यातच तिची जादू आहे आणि माझी तक्रारही तिथेच आहे. कातडीचं चित्र आणि इलेक्ट्रॉनच्या ढगाचं चित्र एकाच सहजतेने समोर येतं. पण पहिली गोष्ट सूक्ष्मदर्शकातून बघता येते, दुसरी गणितावरून काढलेली आहे. डोळ्याला दोन्ही 'दिसलेल्या'च वाटतात.

कॅमेऱ्याचा वेगही बघा. दहा सेकंदांत प्रकाश सुमारे ३० लाख किलोमीटर जातो. कॅमेऱ्याचं अंतर चौकटीच्या रुंदीइतकंच धरलं, तर चंद्राची कक्षा चौकटीत आल्यानंतरच्या दहा सेकंदांतच तो प्रकाशाला मागे टाकतो! गंमत म्हणजे स्टुडिओला हे ठाऊक होतं. १९६८ ची कृष्णधवल कच्ची आवृत्ती बघा. तिथे चित्राशेजारी एक पट्टी आहे, प्रवाशाचा वेळ आणि पृथ्वीवरचा वेळ वेगवेगळा दाखवणारी. १९७७ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. फिल्म देखणी झाली, आणि एक अडचणीचा प्रश्न पडद्यावरून गेला.

तुम्ही म्हणाल, नऊ मिनिटांच्या फिल्मकडून किती अपेक्षा करायच्या? बरोबर आहे. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मॉरिसन यांचं निवेदन काळजीपूर्वक आहे, आणि शेवटी प्रोटॉनच्या आत पोचल्यावर ते ज्ञानाच्या सीमेवर आल्याचं सुचवतातही. पण शब्दांपेक्षा सरकणारं चित्र जास्त बोलतं. माझ्या आकृतीतल्या तुटक रेषांनी तेच केलं होतं. या फिल्मवर वाढलेल्या आमच्या पिढीला 'झूम' हाच पुरावा वाटतो. नकाशाच्या ॲपपासून कॉन्फरन्सच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे आपण असेच आत शिरतो आणि मधले सांधे कुणी विचारत नाही.

मी आकृती बदलली. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रामधल्या रेषा काढल्या, प्रत्येक चित्राखाली उपकरण आणि नमुन्याचा क्रमांक लिहिला. आता ती तितकीशी झकास दिसत नाही. गाईड "हं" म्हणाले, म्हणजे पास.

फिल्म जरूर बघा. आधी १९६८ ची, मग १९७७ ची. आणि दर दहा सेकंदांनी थांबवून स्वतःला विचारा : हे कुणी पाहिलंय, की काढलंय?