मैदानावरचे मानकरी

मोठेपण म्हणजे काय आणि ते कोणी ठरवायचे, यावर आपल्याकडे साहित्यसंमेलनाच्या मांडवात जेवढे रण माजते, त्याहून अधिक अमेरिकेत दर हिवाळ्यात बेसबॉलच्या खेळाडूंवरून माजते. खेळ तेव्हा बंद असतो, आणि बहुधा म्हणूनच जिभांना मोकळीक मिळते. न्यू यॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचे तळ्याकाठचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९३९ साली बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ उघडले. आपण त्याला कीर्तिमंदिर म्हणू. निवडलेल्या प्रत्येक खेळाडूचा चेहरा कोरलेली ब्राँझची पाटी तेथल्या दालनात लागते. याच गावात ॲब्नर डबलडे नावाच्या गृहस्थाने १८३९ मध्ये हा खेळ शोधून काढला, अशी कथा होती, म्हणून मंदिर तेथे उभे राहिले. कथा खोटी निघाली, मंदिर राहिले. आपल्या देशातल्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

निवडीची रीत थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. खेळाडू निदान दहा हंगाम खेळलेला हवा आणि निवृत्त होऊन त्याला पाच वर्षे झालेली हवीत. मग बेसबॉलच्या वार्ताहरसंघाचे जे दहा वर्षांचे जुने सभासद, त्यांच्यापुढे त्याचे नाव जाते. प्रत्येकाने जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करायची. शेकडा पंचाहत्तर मते मिळतील तो आत. पहिल्या निवडणुकीत, १९३६ साली, पाचजण निवडले गेले. त्यांत बेब रूथ होता, आणि २२६ मतदारांपैकी अकराजणांनी त्यालाही मत दिले नव्हते! एकही मत न गमावता निवडून आलेला पहिला माणूस म्हणजे २०१९ सालचा मारियानो रिव्हेरा. २०२५ मध्ये जपानच्या इचिरो सुझुकीला ३९४ पैकी ३९३ मते पडली. तो उरलेला एक मतदार काय विचार करीत बसला असेल, याचे मला राहून राहून कुतूहल वाटते.

आता कोणी म्हणेल, निवृत्तीनंतर पाच वर्षांनी जे ठरायचे, त्याची चर्चा माणूस खेळत असतानाच कशाला? न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा तर दर वर्षी मला खेळत्या मानकऱ्यांची यादी पाठवतो आणि आमचे हमरीतुमरीवर येते. घरातल्यांना हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. पाच वर्षे थांबल्याने रागलोभ निवतात हे खरे. परंतु त्याबरोबर डोळ्यांनी पाहिलेलेही विरून जाते आणि मतदाराच्या हाती उरतो तो आकड्यांचा कागद. एखाद्या माणसापुढे खेळताना समोरच्या संघाला आपला डाव कसा बदलावा लागत होता, हे कागद सांगत नाही. ते त्या वेळी पाहणाराच सांगू शकतो, आणि त्याने ते त्याच वेळी सांगितले पाहिजे. खेळत्या माणसाविषयीचा वाद ही माझ्या मते नोंदवून ठेवण्यासारखी साक्ष आहे.

या वादात मुख्य पक्ष दोन. एक पक्ष बेरजेचा, दुसरा उंचीचा. बेरजेवाल्यांना एकूण फटके, एकूण विजय, एकूण वर्षे हवी असतात. त्यांच्या मार्गाने जाता जाता २०१९ साली हॅरॉल्ड बेन्स कीर्तिमंदिरात पोहोचला. २,८६६ फटक्यांचा धनी, सालस, टिकाऊ खेळाडू. पण वार्ताहरांच्या मतदानात त्याला कधी शेकडा सात मतेसुद्धा मिळाली नव्हती. पुढे एका लहान समितीने त्याला आत घेतले. उंचीवाल्यांचे दैवत सँडी कोफॅक्स. चेंडू फेकणाऱ्या या डावखुऱ्या खेळाडूचे एकूण विजय अवघे १६५. तिसाव्या वर्षी, १९६६ साली, दुखऱ्या कोपरामुळे त्याने खेळ सोडला आणि १९७२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो कीर्तिमंदिरात गेला. इतक्या तरुण वयात हा मान कोणाला मिळाला नव्हता. आपला विजय मर्चंट अवघे दहा कसोटी सामने खेळला. म्हणून मुंबईत कोणी त्याला लहान म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

जे जॅफी नावाच्या एका लेखकाने या दोन पक्षांत तडजोड काढली आहे. कारकिर्दीची सगळी बेरीज एका पारड्यात, सर्वोत्तम सात वर्षांची दुसऱ्या पारड्यात, आणि दोहोंची सरासरी. ही बेरीज कसली, तर या माणसाच्या जागी सहज मिळणारा कोणी साधा बदली खेळाडू असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, याची. युक्ती चांगली आहे आणि तिने पुष्कळ भाबड्या समजुती मोडल्या. तथापि सरासरी ही सरासरीच. मी उंचीच्या पक्षाचा आहे, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

या पक्षाची खरी कसोटी जेकब डीग्रॉम याच्यावर लागते. महाविद्यालयात तो मुख्यतः क्षेत्ररक्षक होता. चेंडू फेकायला उशिरा लागला, कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि मोठ्या मैदानावर आला तोच वयाच्या पंचविसाव्या वर्षी, २०१४ मध्ये. २०१८ साली न्यू यॉर्क मेट्सकडून खेळताना त्याने दर नऊ डावांमागे सरासरी १.७० धावा दिल्या. चार धावांच्या आत-बाहेर राहणाऱ्याला जेथे बरा म्हणतात, तेथे ही सरासरी काय आहे हे वेगळे सांगायला नको. आणि त्या वर्षीचे त्याचे विजय? दहा. पराजय नऊ. कारण बेसबॉलच्या जुन्या हिशेबात चेंडू फेकणाऱ्याच्या नावावर विजय तेव्हाच चढतो, जेव्हा त्याचे स्वतःचे फलंदाज पुरेशा धावा काढतात. मेट्सचे फलंदाज त्या वर्षी त्याच्या दिवशी जणू उपास करीत. बिचाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला एक धाव द्यावी आणि आपल्या लोकांनी तीही काढू नये, असे मी त्या हंगामात इतक्यांदा पाहिले, की शेवटी शेवटी धावफलकाकडे बघवेना.

त्या वर्षी सर्वोत्तम चेंडूफेकीचा साय यंग पुरस्कार देताना मात्र वार्ताहरांनी शहाणपण दाखवले. तीस मतदारांपैकी एकोणतीस जणांनी डीग्रॉमला पहिले स्थान दिले. पुढच्या वर्षीही पुरस्कार त्यालाच मिळाला. २०२१ मध्ये अर्ध्या हंगामात त्याने १.०८ ची सरासरी राखली आणि मग हात पुन्हा गेला. २०२३ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. २०२५ मध्ये टेक्सासकडून पूर्ण हंगाम खेळून झाल्यावरही त्याचे एकूण विजय शंभराच्या आतच होते. बेरजेवाले येथे हसतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की ज्या आकड्याला २०१८ साली एकोणतीस जाणत्यांनी कवडीची किंमत दिली नाही, तोच आकडा कीर्तिमंदिराच्या दारात एकाएकी सोन्याचा कसा होतो? अडचण आहे ती निराळी, आणि ती मी नाकारीत नाही. कोफॅक्सची उंची पाच-सहा वर्षे टिकली, डीग्रॉमची त्याहून तुटक. मी त्याच्या नावावर खूण करीन, पण हात थोडा थांबेल.

काही नावांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. जस्टिन व्हर्लँडर २०२५ अखेर २६६ विजयांवर होता, साय यंग पुरस्कार तीन वेळा त्याचा, आणि त्यातला तिसरा तर शस्त्रक्रियेनंतर, एकोणचाळिसाव्या वर्षी. त्याच्यात उंची आणि बेरीज दोन्ही नांदतात. मॅक्स शर्झरचेही तेच. क्लेटन कर्शॉ २०२५ मध्ये निवृत्त झाला. त्याची पाटी कोरणाऱ्याने आजच ओतकाम करायला हरकत नाही. ॲरन जज उशिरा सुरू झाला एवढाच त्याचा दोष. २०२२ मधले त्याचे ६२ होमरन आणि सर्वोत्तम खेळाडूचे तीन पुरस्कार तो दोष फेडतात.

माइक ट्राउटची गोष्ट मात्र मनाला लागते. २०१२ पासून २०१९ पर्यंतच्या आठ हंगामांत आपल्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो तीनदा पहिला, चारदा दुसरा आणि एकदाच चौथा आला. आठ वर्षे हा मनुष्य पायऱ्याच उतरला नाही! त्यानंतर पोटरी, पाठ, मनगट, गुडघा असे एकेक अवयव संप करू लागले. २०२१ मध्ये तो ३६ सामने खेळू शकला, २०२४ मध्ये २९. त्याचा संघ एंजल्स इतका दुबळा, की २०२५ अखेर ट्राउटच्या वाट्याला निर्णायक फेरीचे फक्त तीन सामने आले होते, २०१४ मधले, आणि तिन्ही ते हरले. हल्ली नव्या पिढीतली मुले त्याला ‘कायम जायबंदी’ म्हणून ओळखतात. मी म्हणतो ती साक्ष येथेच उपयोगी पडते. २०१३ च्या सुमारास तो मध्यमैदानात धावताना, कुंपणावर चढून जाणारा चेंडू हिरावताना ज्यांनी पाहिला, त्यांनी ते लिहून ठेवावे. त्याच्या निवडीला धोका मुळीच नाही. धोका आहे तो अनुकंपेचा. ‘दुखापती झाल्या नसत्या तर’ अशा उसासे टाकणाऱ्या सुरात त्याची पाटी वाचली जाऊ नये. जे घडले तेच पुरेसे होते.

आता अवघड प्रकरण. कीर्तिमंदिराच्या नियमांत खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य पाहावे असे म्हटले आहे. या एका कलमावर बॅरी बाँड्स अडला. ७६२ होमरन, सर्वोत्तम खेळाडूचे सात पुरस्कार. पण उत्तेजक औषधांच्या संशयामुळे २०२२ साली दहाव्या आणि शेवटच्या संधीत त्याला शेकडा ६६ मतेच पडली. खेळत्यांपैकी याच कलमाची सावली होजे अल्तुवेवर आहे. साडेपाच फुटांचा हा व्हेनेझुएलाचा खेळाडू. फलंदाजीच्या सरासरीत तीनदा पहिला, २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू. परंतु त्याच वर्षी त्याचा ह्यूस्टन संघ कॅमेऱ्याने प्रतिपक्षाच्या खुणा टिपून, कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला पुढचा चेंडू कसा येणार ते कळवीत होता. हे उघडकीस आल्यावर २०२० मध्ये संघाला दंड झाला. साक्ष देण्याच्या बदल्यात खेळाडूंना अभय मिळाले. अल्तुवेच्या पाळीत डबा फारच थोडा वाजला, असे एका चिकाट्याने चित्रफिती ऐकून मोजून दाखवले, आणि तो ही मदत घेत नसे असे त्याचा सहकारी जाहीरपणे म्हणाला. त्याच संघातला कार्लोस बेल्ट्रान, चौकशी-अहवालात ज्याचे नाव आले असा एकटाच खेळाडू, २०२६ साली चौथ्या प्रयत्नात निवडून आला. म्हणजे वार्ताहरांनी त्याला शिक्षा केली ती तिष्ठत ठेवण्याची. अल्तुवेला ती तरी का द्यावी? डबा वाजायच्या आधी, २०१४ आणि २०१६ मध्ये, तो फलंदाजीत पहिला आलाच होता. तथापि तो गप्प बसला, डबा वाजू दिला, हेही खरे. आणि चारित्र्याचे कलम ठेवायचे तर ते गप्प बसणाऱ्यालाही लागू होते. मी त्याला निवडीन. पहिल्याच वर्षी मात्र नाही.

शोहेइ ओहतानीविषयी काही लिहायचे तर शब्दांना ताळतंत्र राहत नाही. तो चेंडूही फेकतो आणि फलंदाजीही करतो; दोन्ही कामे त्याच्या तोडीने करणारा शोधायचा तर बेब रूथच्या १९१८-१९ या दोन वर्षांपर्यंत मागे जावे लागते. २०२५ पर्यंतच्या आठ हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार चारदा, आणि चारही वेळा एकमताने. १७ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याने सहा डाव चेंडू फेकून एकही धाव दिली नाही, दहाजणांना बाद केले, आणि त्याच सामन्यात स्वतः तीन होमरन मारले. एखाद्या गवयाने स्वतःच्याच गाण्याला स्वतःच तबल्याची साथ करावी आणि दोन्ही तालासुरात असावे, असा तो प्रकार होता. अडचण एकच: दहा हंगामांचा नियम. त्याचा दहावा हंगाम म्हणजे २०२७. नियम कधी मोडला नाही असे नाही; नऊच हंगाम खेळून १९११ मध्ये वारलेल्या ॲडी जॉससाठी तो शिथिल केला होता. पण जिवंत, धडधाकट माणसासाठी नियम मोडायला ओहतानीलाच आवडणार नाही, असे आपले मला वाटते. खेळू द्या त्याला.

सॅल्वादोर पेरेझ उरला. त्याच्यावरून भाच्याचे आणि माझे बिनसले आहे. कॅन्सस सिटीचा हा धिप्पाड कॅचर २०१५ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी. तीनशेहून अधिक होमरन, उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाची पाच सुवर्णमोजे-पारितोषिके. भाचा म्हणतो, “मामा, तो पायावर फारच कमी वेळा पोहोचतो, आणि काठावरचा चेंडू झेलून पंचाला तो चांगला वाटावा, ही कला मोजली तर त्याची बाजू लंगडी पडते.” मोजमाप बरोबर आहे. पण ओणवे बसून बसून कॅचरचे गुडघे दहा-बारा वर्षांत निकामी होतात, आणि हा माणूस २०११ पासून तेथे बसला आहे. तरुण, घाबरलेला चेंडूफेक्या डगमगला की पेरेझ उठून त्याच्यापर्यंत चालत जातो, छातीवर पंजा ठेवतो, काहीतरी बोलून त्याला हसवतो आणि परत येऊन बसतो. ते कोणत्या रकान्यात धरायचे, हे मी भाच्याला मागच्याच पत्रात विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.