कडेवरून पाहिलेली उत्क्रांती

खच्चून भरलेलं विमान. अरुंद जागेत शेकडो अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. कुणाची बॅग कुणाच्या डोक्याला लागते, मागच्या रांगेत तान्हं बाळ टाहो फोडतं, आणि तरीही सगळे पाय आखडून घेत, शेजाऱ्याकडे पाहून ओशाळं हसत प्रवास पार पाडतात. हर्डी विचारतात, याच खुर्च्यांवर चिंपँझी बसवले असते तर? उतरेपर्यंत किती जण धडधाकट राहिले असते, आणि त्या तान्ह्याचं काय झालं असतं?

सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ. त्यांच्या ‘मदर्स अँड अदर्स’ (२००९) या पुस्तकाची ही सुरुवात. विमानातला समजूतदारपणा इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो आपल्या नजरेतही भरत नाही. पहिल्याच प्रकरणात हर्डी तो उचलून समोर ठेवतात आणि पुढचं सगळं पुस्तक एका प्रश्नाभोवती बांधतात: समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याची आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची ही असोशी माणसात आली कुठून?

या प्रश्नाचं एक तयार उत्तर पूर्वीपासून आहे. टोळ्याटोळ्यांच्या लढायांत एकजूट असलेल्या टोळ्या तगल्या आणि त्यातून सहकार्य रुजलं. हर्डी त्यावर अगदी साधा आक्षेप घेतात. चिंपँझी नरही टोळी करून शेजाऱ्यांवर चालून जातात. मग त्यांच्यात हे मन का घडलं नाही? शिवाय आपल्या पूर्वजांच्या काळात पृथ्वीवर माणसं इतकी विरळ होती, की लढण्यापेक्षा चार पावलं दूर निघून जाणं सोपं होतं. म्हणजे आपल्यात असलेली आणि चिंपँझीत नसलेली गोष्ट दुसरीकडे शोधायला हवी. हर्डी ती शोधतात बाळाच्या संगोपनात.

चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या माद्या नवजात पिल्लाला महिनोन्महिने अंगावेगळं करत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाहीत. ओरांगउटान मादी पिल्लाला जवळजवळ एकटीच वाढवते. त्यामुळे तिच्या दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षांचं अंतर पडतं. माणसाचं मूल याहून हळू वाढतं आणि याहून जास्त खातं. ते स्वतःचं पोट भरू लागेपर्यंत त्याला सुमारे १ कोटी ३० लाख कॅलरी लागतात, असा एक अंदाज आहे. तरीही शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांतल्या बाईला तीन-चार वर्षांत पुढचं मूल होतं. एकट्या आईला हा हिशेब जमणं शक्य नाही. पुस्तकाच्या नावातले ‘इतर’ प्रवेश करतात ते इथे.

हे इतर म्हणजे आजी, मावशी, मोठी बहीण, बाप, शेजारीण. मध्य आफ्रिकेतल्या एफे लोकांत जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच बाळ सरासरी चौदा जणांच्या हातांतून फिरतं. टांझानियातल्या हाडझा लोकांत पाळी गेलेल्या म्हाताऱ्या बायका टोकदार काठीनं कडक जमीन उकरत तासन्‌तास कंद काढतात. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांच्या गटानं पाहिलं, की सून किंवा लेक तान्ह्यात गुंतलेली असताना आधीच्या मुलाचं पोट या म्हातारीच्या काठीवर चालतं. गांबियातल्या १९५० ते १९७४ या काळातल्या नोंदी तर थक्क करतात. गावात दवाखाना नव्हता, पाच वर्षांच्या आत जवळपास निम्मी मुलं दगावत. ज्यांना आईची आई किंवा मोठी बहीण होती, त्यांचा धोका खूप कमी झालेला दिसतो. बाप असण्या-नसण्यानं मात्र विशेष फरक पडलेला दिसत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत पाळणाऱ्या मराठी घराला हे वाचताना ओळखीचं वाटेल.

इतके पुरावे गोळा करणाऱ्या लेखिकेची नजर तयार झाली ती भारतात. धारवाडजवळ १९६०च्या दशकात संशोधक युकिमारू सुगियामा यांनी वानरांच्या कळपात पिल्लांच्या हत्या पाहिल्या होत्या. त्यांचं कारण शोधायला हर्डी १९७१ साली अबूच्या डोंगरावर आल्या. त्यांचा निष्कर्ष असा: बाहेरून आलेला हुप्प्या कळप काबीज करतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो, कारण मग माद्या लवकर माजावर येतात. पण त्याच कळपांत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. काळपट रंगाचं नवजात पिल्लू पहिल्या दिवसापासूनच एका मादीकडून दुसरीकडे जातं. एखादी नवशिकी त्याला उलटंसुलटं धरते, ते किंचाळतं, आई परत घेते. क्रौर्य आणि ममता एकाच झाडावर दिसलेल्या या संशोधिकेनं पुढे निसर्गाला कधीच गोडगोड रंगवलं नाही.

पुस्तकाचा खरा गाभा मात्र याच्याही पुढे आहे. मदतीला अनेक हात आहेत, पण त्यातला एकही हात हमखास नाही. अशा जगात जन्मलेल्या बाळाला काय करावं लागेल? त्याला चेहरे वाचावे लागतील. कोण मायेनं पाहतंय, कोण कंटाळलंय, कुणाला हसून जिंकता येईल, हे ओळखावं लागेल. ज्या बाळांना ते जमलं त्यांना घास मिळाला आणि ती जगली. इथे हर्डी कॅमेरा बाळाच्या हाती देतात, आणि उत्क्रांतीची कथा शिकाऱ्याच्या खांद्यावरून उतरून कुणाच्या तरी कडेवर येऊन बसते. बाळाचं टक लावून पाहणं, बोळकं पसरून हसणं, अर्थहीन बडबडणं ही निव्वळ गोजिरी लक्षणं न राहता जगण्याची हत्यारं होतात. दाखलाही किती नेमका! बाळासारखी बडबड करणारी पिल्लं सापडतात ती दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या मार्मोसेट माकडांत, जिथे जुळी पिल्लं बाप आणि मोठी भावंडं पाठीवर वागवतात.

मग मार्मोसेटचा माणूस का झाला नाही, हा प्रश्न हर्डी टाळत नाहीत. मार्मोसेटकडे वाटून घेतलेलं संगोपन आहे, पण वानरकुळाच्या थोरल्या शाखेची बुद्धी नाही. चिंपँझीकडे बुद्धी आहे, पण संगोपन एकटीचं. आपल्या पूर्वजांत या दोन धारा एकत्र आल्या, आणि त्या मोठ्या मेंदूच्या आणि भाषेच्या आधी आल्या. मन आधी जुळलं, बोलणं मागून आलं. एवढा मोठा विचार त्या आवाज न चढवता, एकेक दाखला पारखून मांडतात, यात मला या लेखनाचं सौंदर्य दिसतं.

आईबद्दलचं त्यांचं म्हणणं पचायला जड आहे. जिथे संगोपन वाटलेलं असतं तिथे आईचं प्रेम आपोआप येत नाही, आधार दिसला तर ते फुलतं. आधार नसेल तर टॅमरिन माकडीण पिल्लं टाकून देते, आणि माणसांच्या इतिहासातही असं घडलेलं आहे. आईला देव्हाऱ्यात बसवून एकटं सोडणाऱ्या प्रत्येक समाजानं हे वाचायला हवं. याला एकत्र कुटुंबाची आरतीही समजू नये. घरात माणसं किती यापेक्षा बाईच्या पाठीशी कोण, हा हर्डींचा मुद्दा आहे.

पुस्तकाला मर्यादा आहेत. कुणी कुणाचं मूल घेतलं याची खूण हाडांत राहत नाही. म्हणून सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टसबद्दलचं अनुमान आजचे समाज आणि आजची माकडं यांच्यावर उभं आहे. मधली काही प्रकरणंही दाखल्यांनी जड झाली आहेत. पण वेगवेगळ्या दिशांनी आलेले पुरावे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तेव्हा अनुमानाला वजन येतं.

शेवटी हर्डी एक भीती व्यक्त करतात. आज मूल मायेवाचूनही तगतं. मग पिढ्यान्‌पिढ्या वापराविना राहिलेली समजूत टिकेल का? मला ही भीती फार दूरच्या काळाची वाटते, पण तिच्यामागची निकड आजची आहे. पाळणाघर, बाळंतपणाची रजा, बापानं घेतलेली रजा यांकडे आपण आईवर केलेली मेहेरबानी म्हणून पाहतो. हर्डी वाचल्यावर तसं म्हणवत नाही. मूल वाटून वाढवणं ही मानवजातीची जगण्याची मूळ अट आहे, आणि ती पुरी करणं हे सगळ्यांचं काम आहे.