किमान क्षेत्रफळ

कायद्याचा मसुदा हा वाङ्मयप्रकार आहे हे आपले समीक्षक मानत नाहीत. मानायला पाहिजे. कवितेतल्या प्रतिमेनं कुणी बेघर होत नाही. या गद्यातल्या एका आकड्यानं होतो.

समोर आहे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या माउंट लॉरेल गावाचा 1964 चा झोनिंगचा नियम. कुठं काय बांधायचं, काय नाही, ते ठरवणारा. गाव विरळ वस्तीचं. जमीन चौदा हजार एकर, 1970 साली माणसं 11,221, आणि तेव्हाही 65 टक्के जमीन मोकळी नाहीतर शेतीची. म्हंजे जागा नव्हती ही सबब बाद.

नियम वाचा. माणसाच्या रंगाचं नाव नाही. भाषा एकदम सोवळी. एका प्लॉटवर एकच सुटं घर. प्लॉट कमीत कमी 9,375 चौरस फूट. एका झोनमध्ये तर 20,000, म्हंजे जवळजवळ अर्धा एकर. एकमजली घर 1,100 चौरस फुटांच्या आत बांधायचं नाही. जोडघरं नाहीत, चाकावरची घरं नाहीत. कारखान्यांसाठी मात्र चार हजारांवर एकर राखून ठेवलेली. त्यातली वापरात शंभरेक.

पुढं बड्या बिल्डरांना अपार्टमेंटची परवानगी दिली. त्यातली कलमं तर मुळातून वाचावीत अशी. एका बेडरूमच्या घरात शाळेच्या वयाचं पोर राहता कामा नये. दोन बेडरूमच्या घरात दोनाहून जास्त नकोत. का? तिथं शाळा बव्हंशी स्थानिक घरपट्टीवर चालते. लहान घराची घरपट्टी कमी, आणि त्यातलं पोर म्हंजे गावाला खर्च. बेडरूम मोजून पोरं अडवायची, ही कल्पना ज्या कारकुनी डोक्यातून निघाली त्याला दाद द्यावी की थुंकावं?

गावात स्प्रिंगव्हिल नावाची वस्ती. काळी कुटुंबं तिथं कैक पिढ्यांपासून. घरं पडीक, काही तर कोंबड्यांची खुराडी दुरुस्त करून केलेली. त्यांनी 36 अपार्टमेंट बांधायची परवानगी मागितली. 1970 साली मेयर त्यांच्याच चर्चमध्ये आला आणि सांगून गेला, की ज्यांना इथं राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं. नियमाच्या सोवळ्या भाषेचा हा बोलीभाषेतला अनुवाद. गावकुस माहीत असलेल्या वाचकाला अनुवादाचीही गरज नव्हती.

1972 साली आपल्याकडं पँथर हे नाव आलं ते ब्लॅक पँथरवरून. त्यांच्या मुठी मला फोटोंतून माहीत होत्या. प्लॉटची मापं फार उशिरा वाचली.

एथेल लॉरेन्स ही त्याच गावची बाई. तिनं आणि इतरांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेसोबत 1971 मध्ये दावा लावला. 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: वाढत्या गावानं आपल्या परिसरातल्या गरिबांच्या घरांचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. निकाल मोठा, यात वाद नाही. पण न्यायमूर्ती हॉल यांनी तो उभा केला उत्पन्नावर. रंग बाजूला ठेवला. कायद्याच्या दृष्टीनं ते बळकट असेल, वाचक म्हणून मला ते खटकतं. नियमानं जे लपवलं तेच निकालानं न बोलता सोडलं.

त्या फटीतून काय शिरलं ते पाहा. 1985 च्या कायद्यानं श्रीमंत गावांना सवलत दिली: आपल्या वाट्यातली निम्म्यापर्यंत घरं पैसे देऊन दुसऱ्या शहराच्या गळ्यात घाला. पैसा गेला गरीब शहरांकडं, माणसं जिथल्या तिथं. वस्तीला देणगी देतो, पण बिऱ्हाड आमच्या आळीत नको. हा धंदा 2008 पर्यंत कायदेशीर चालला.

इकडं माउंट लॉरेलचे लोक ओरडत होते, घरांचे भाव पडतील, चोऱ्या वाढतील. घरं झाल्यावर डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह तेच तपासलं, 2013 मध्ये पुस्तक काढलं. या घरांमुळं भाव पडले नाहीत, गुन्हे वाढले नाहीत.

घरं 140 झाली, लॉरेन्सबाईंच्या नावानं. पहिल्या किल्ल्या भाडेकरूंच्या हाती पडल्या 2000-01 मध्ये. बाई 1994 लाच गेल्या होत्या.