खरा कोण आणि छाया कोणाची ?

एखाद्या मनुष्याची कीर्ति त्याच्या कर्तृत्वावर उभी आहे कीं दुसऱ्याच्या कल्पनेवर, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाहीं. परंतु तो फुटबॉलच्या निमित्तानें आमच्यापुढें येईल असें मात्र वाटलें नव्हतें. परवां एका विद्यार्थ्यानें मोबाईलवर एका जपानी खेळाडूचें छायाचित्र दाखविलें आणि मोठ्या कौतुकानें सांगितलें, "सर, हाच खरा त्सुबासा !"

त्या खेळाडूचें नांव मुसाशी मिझुशिमा. १९६४ सालीं जन्मलेला हा मुलगा अवघ्या दहाव्या वर्षीं फुटबॉल शिकण्यासाठीं ब्राझीलला गेला, साओ पावलोच्या नामांकित संघांत वाढला आणि त्याच देशांत धंदेवाईक खेळाडू झाला. जपानांत धंदेवाईक खेळाडूंची 'जे लीग' सुरू झाली ती १९९३ सालीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या धाडसाची कल्पना येते.

योइची ताकाहाशि यांची 'कॅप्टन त्सुबासा' ही चित्रकथा १९८१ पासून एका जपानी साप्ताहिकांत येऊं लागली. तिचा बालनायक ब्राझीलचीं स्वप्नें पाहतो आणि पुढें साओ पावलोला जातोहि. ही कल्पना मिझुशिमा यांच्यावरून सुचली असें सर्रास सांगितलें जातें. हा नायक स्पेनमध्यें ऑलिव्हर झाला, अरब देशांत माजिद झाला. आणि त्याच्यावर वाढलेली पिढी आज इंटरनेटवर त्याचें मूळ धुंडाळीत मिझुशिमांपर्यंत येऊन पोंचते. ज्यांनीं त्यांचा एकहि सामना पाहिलेला नाहीं, तेच त्यांचे चाहते !

चित्रकथेची थोरवी आम्हांस मान्य आहे. तिच्यांतील मैदान क्षितिजापर्यंत पसरतें; चेंडू हवेंत असतांनाच खेळाडूला आपलें गतायुष्य आठवतें. क्षणाचा असा विस्तार करणें ही कलाच होय. परंतु क्षण फुगविणाऱ्या या कलेला वर्षें मात्र रेखाटतां येत नाहींत. परक्या भाषेंत, परक्या घरीं दहा वर्षांचें पोर पहिल्या रात्रीं कसें निजलें असेल, हें तिच्या चौकटींत मावत नाहीं. आणि मिझुशिमांच्या आयुष्याचें खरें मोल तर तेथेंच आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं चित्रकथा नसती तर आज हें नांव कोणी घेतलें असतें ? आक्षेप खरा आहे. पण या लोकप्रियतेंत एक अट दडलेली आहे : मनुष्य नायकासारखा दिसेल तेवढाच प्रिय. त्सुबासाला जपानसाठीं विश्वचषक जिंकावयाचा असतो. १९९८ सालीं जपान प्रथमच विश्वचषकाच्या मैदानांत उतरला, तेव्हां त्या संघांत मिझुशिमा नव्हते. मग चाहत्यांना वाटतें, मूळ कांहीं छायेइतकें उजळ नाहीं ! मनुष्यावरून कथा झाली. आतां त्याच कथेच्या मापानें मनुष्याला मोजूं लागलें आहेत.

कथेनें जीवनापासून खुशाल उसनें घ्यावें. मात्र त्या उसनवारीची फेड जीवनाकडून मागूं नये. आम्हांस त्या मुलाचें एखादें साधें, सावकाश लिहिलेलें चरित्र वाचावयास आवडेल. तें वाचतांना त्सुबासाची आठवण झाली नाहीं, तर तें साधलें असें आम्ही समजूं.