अनुशेषाचा हिशेब आणि हिशेबाबाहेरचा विदर्भ



आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत: अनुशेष. विदर्भ-मराठवाड्यात हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतो. पुण्या-मुंबईकडे तो उच्चारला की लोक घड्याळाकडे बघायला लागतात. या शब्दाच्या नावाने गेली चाळीस वर्षं समित्या झाल्या, मंडळं झाली, पैसा आला, मोर्चेही निघाले. त्या मोर्च्यांत आम्हीही होतो. तेव्हा आज जी टीका करतो आहोत ती काठावर उभं राहून केलेली नाही. तिच्यातला काही भाग आमच्याच पदरात पडणार आहे.

आधी थोडी उजळणी करू. 1953 च्या नागपूर करारात निधी लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचं वचन होतं. 1956 मध्ये घटनेत 371 (2) हे कलम आलं आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. 1960 ला राज्य झालं. मंडळं मात्र 1994 मध्ये आली. मधल्या काळात मागासलेपणाची चर्चा भाषणांत पुष्कळ व्हायची. राज्यभराच्या आकड्यांत ती नीट मांडली वि. म. दांडेकर समितीने. ही समिती 1983 ची, अहवाल 1984 चा. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशी नऊ क्षेत्रं समितीने घेतली. जिल्हा हे एकक धरलं. राज्याची सरासरी ही मोजपट्टी ठरवली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, तो किती खाली हे काढलं आणि ती तूट भरून काढायला किती रुपये लागतील ते लिहिलं. एकूण अनुशेष निघाला सुमारे 3,187 कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के, मराठवाड्याचा सुमारे 24 टक्के.

या अहवालाचं मोल कमी लेखू नये. 'आमच्यावर अन्याय झाला' हे वाक्य कुणीही झटकून टाकू शकतो. 'आमच्या जिल्ह्यात इतकी तूट आहे' हे झटकता येत नाही. दांडेकरांनी तक्रारीचं हिशेबात रूपांतर केलं, हे मोठंच काम होतं.

अडचण पुढे सुरू झाली. तूट रुपयांत लिहिल्याबरोबर, रुपये दिले की तूट संपली असं मानायची सोय झाली. समितीने पैसा हे मोजायचं साधन म्हणून वापरलं होतं. शासनाने आणि आमच्या पुढाऱ्यांनी त्यालाच साध्य करून टाकलं. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

सिंचनाचंच घ्या. 1994 च्या पायावर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली आणि आकडा सुमारे 14,007 कोटींवर गेला. त्यात महागाई होती, मोजणीतले फरकही होते. त्यानंतर राज्यपालांचे निर्देश येऊ लागले, निधीचं वाटप सूत्राने व्हायला लागलं. पुढे एक वेळ अशी आली की सिंचनाचा आर्थिक अनुशेष संपला असं कागदोपत्री ठरलं, आणि अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या चार जिल्ह्यांत भौतिक अनुशेष मात्र शिल्लक राहिला. म्हणजे पैसे पोचले, पाणी पोचलं नाही. 'आर्थिक' आणि 'भौतिक' अशी अनुशेषाची दोन खाती निघावीत, यातच सगळं आलं. घरी लग्नाचा खर्च झाला आणि लग्न राहिलं, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला काय म्हणू?

दुसरी गोष्ट. हिशेब होता तो निर्माण झालेल्या सिंचनक्षमतेचा. क्षमता म्हणजे धरण, मुख्य कालवा आणि कागदावरचे हेक्टर. शेतकऱ्याला लागते पाटचारी. तिचं भूसंपादन किचकट असतं, काम लहान असतं, त्यात कंत्राटाला वजन नसतं. म्हणून ती मागे राहते. वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प आठवा. मूळ किंमत 372 कोटी. भूमिपूजन 1988 ला, पंतप्रधानांच्या हस्ते. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. 2016 च्या सुधारित मान्यतेत किंमत 18 हजार 494 कोटींवर गेली, म्हणजे जवळपास पन्नास पट. लाभक्षेत्र अडीच लाख हेक्टरचं सांगितलं होतं. धान लावणाऱ्या बापाला जे आश्वासन मिळालं, त्याच आश्वासनावर त्याच्या मुलाचं वय झालं. निधी आला नाही असं या प्रकल्पाबद्दल म्हणता येत नाही. निधी येत राहिला, म्हणूनच काम संपवायची घाई कुणाला उरली नाही. प्रत्येक सुधारित प्रशासकीय मान्यता हा कुणासाठी तरी नवा हंगाम होता.

याच भागात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या लोकांनी बांधलेले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल कुणाचीच राहिली नाही. त्यांत गाळ साचत गेला. गाळ भरून तलाव निम्मा झाला तर ती तूट अनुशेषात धरायला रकानाच नव्हता. जे नव्याने बांधायचं ते हिशेबात, जे हातातून निसटतंय ते हिशेबाबाहेर. मोजपट्टी जे मोजते तिकडेच पैसा जातो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तिसरी गोष्ट 2006 ची. पश्चिम विदर्भ आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकरी आत्महत्या करत होते. कापसाचा खर्च, कर्ज आणि भाव यांचा मेळ बसत नव्हता. पॅकेजमधली निम्म्याहून जास्त रक्कम सिंचन प्रकल्पांना होती. शिवाय दुभत्या गायी देण्याची योजना होती. ज्या कोरडवाहू गावात बैलाला कडबा पुरत नाही, तिथे जातिवंत गाय! ज्याच्या दारात ती बांधली, त्याला आधी कुणी विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात उत्तर दिलं असतं. विचारायची पद्धतच नव्हती. तूट वर मोजायची, रक्कम वरून सोडायची, खाली फक्त सही घ्यायची.

आता कुणी म्हणेल, 'म्हणजे निधी नको का?' हा आक्षेप रास्त आहे आणि आमच्याच माणसांचा आहे. उत्तर स्पष्ट देतो: हवा. रस्ते झाले, वीज पोचली, शाळा-दवाखाने वाढले, हे याच पैशामुळे. निधीचा हक्क सोडायचा प्रश्नच येत नाही. आमची तक्रार अशी आहे की तो हक्क आम्ही स्वतःच स्वस्तात विकला. अर्थसंकल्पाच्या दिवशी तरतुदीचा आकडा वाढला की आमच्याकडे पेढे वाटले जायचे. वर्षअखेर त्यातलं किती खर्च झालं, किती परत गेलं, खर्च झालेल्यातून किती एकर भिजलं, हे विचारायला कुणी जात नसे. कार्यालयात अभियंत्यांच्या जागा रिकाम्या असायच्या, त्यावर मोर्चा निघाला नाही. मागासलेपणाची भाषा पुढाऱ्यांना इतकी सोयीची झाली की मागासलेपण संपलं तर बोलायचं काय, अशी पाळी यावी.

आणि हे फक्त आमच्याकडचं नाही. 2011-12 च्या आर्थिक पाहणीत राज्यातलं सिंचित क्षेत्र दहा वर्षांत अवघं 0.1 टक्क्याने वाढल्याचं दिसलं आणि गदारोळ झाला. 2012 च्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने वेगळा, मोठा आकडा दिला. वाद आकड्यांचा झाला. शेतात जाऊन बघायचं राहूनच गेलं.

विजय केळकर समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. तिने अनुशेषाच्या जुन्या चौकटीबाहेर जाऊन संतुलित विकासाचा विचार केला आणि जिल्ह्याच्या खाली तालुक्यापर्यंत नजर नेली. दिशा बरोबर होती, कारण जिल्ह्याच्या सरासरीत मेळघाट बुडून जातो. पण आमच्याकडे तेव्हा मुख्य चर्चा झाली ती कुणाच्या वाट्याला किती टक्के आले याचीच. जुनी सवय.

30 एप्रिल 2020 ला विकास मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा आणा, अशी मागणी होते आहे. आम्हीही ती करतो. पण यावेळी मागणीपत्रात कोट्यवधींच्या आकड्याच्या आधी तीन ओळी लिहाव्यात असं आम्हाला वाटतं. प्रत्येक प्रकल्पात गेल्या हंगामात प्रत्यक्ष किती शेतांत पाणी गेलं, ते गावाच्या नावासकट सांगा. जुनी तळी आणि जुने कालवे यांच्या दुरुस्तीचा रकाना नव्या बांधकामाच्या आधी ठेवा. आणि रिकाम्या जागा भरल्याशिवाय निधी दिल्याचा दावा करू नका.

या तिन्ही गोष्टींसाठी वेगळं राज्य, नवी समिती, काहीच लागत नाही. लागतं ते एवढंच की आपल्यापैकी कुणीतरी पाटबंधारे कार्यालयात जाऊन आपल्या गावाची नोंद मागावी आणि ती घेऊन कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जावं. आम्ही हे वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.