दोन टक्क्यांचे उत्तरदायित्व आणि झरीचा चुकारा

जबाबदारीने वागणारी कंपनी अधिक नफा कमावते का? या प्रश्नावर गेली पन्नास वर्षे संशोधन चालू आहे. मार्गोलिस आणि वॉल्श यांनी २००३ मध्ये असे १२७ अभ्यास तपासले. बऱ्याच अभ्यासांत संबंध अनुकूल दिसला, पण मोजमापातल्या त्रुटींमुळे तो खात्रीने मांडता येईना. त्याआधी १९९७ मध्ये वॅडॉक आणि ग्रेव्हज यांनी कार्यकारणभाव दोन्ही बाजूंनी वाहतो, असे दाखवले होते: हाती पैसा खेळतो म्हणूनही कंपनी उदार होते.

भारतात हा गुंता कायद्यानेच वाढवला. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. त्याच्या कक्षेतील कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. नफा १०, १२ आणि १४ कोटी असेल, तर खर्च २४ लाख. नफा वाढला की खर्च वाढणारच. अशा आकड्यांवरून दोहोंचे नाते ‘सिद्ध’ करणारा अभ्यासक कायद्याचे सूत्रच पुन्हा शोधत असतो. बाजाराचा कौल तर उलटा होता: मनचिराजू आणि राजगोपाल यांच्या २०१७ च्या अभ्यासात, सक्ती झालेल्या कंपन्यांच्या समभागांची किंमत ४.१ टक्क्यांनी घसरल्याचे आढळले.

परभणी तालुक्यातील झरीतून पाहिले, की प्रश्नच बदलतो. कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या गावाचा माल दूर जातो. नफा तिकडे मोजला जातो आणि दोन टक्क्यांचा ओढाही तिकडेच. शिवाय नेहमीच्या धंद्याच्या ओघातले काम या खर्चात धरले जात नाही. म्हणजे शाळेला रंग दिला तर ते उत्तरदायित्व. काटा चोख ठेवला, चुकारा वेळेवर दिला, तर त्याची नोंद कुठेच नाही.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर कारखाना आणि वसाहत एकत्र उभी केली, तेव्हा हे दोन हिशेब वेगळे नव्हते. कायद्याने शाळांना, दवाखान्यांना पैसा मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नफा कसा कमावला हे न विचारता त्यातले किती वाटले एवढेच मोजणारे संशोधन अर्धेच राहते. उरलेले अर्धे झरीच्या शेतकऱ्याच्या हातातील काटापट्टीवर लिहिलेले असते.